मदत हवी आहे : पोटाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर येणारी चक्कर आणि भोवळ

नमस्कार. माझ्या यजमानांची (वय ५१) मार्चमध्ये वजन कमी करण्यासाठी पोटाची बायपास शस्त्रक्रिया झाली. (हृदयाची नव्हे, नुसते 'बायपास' ऐकून निम्मे नातेवाईक छातीत कधीपासून दुखत होते, हेच विचारायला आले होते.) तेव्हा १२४ किलो असलेले वजन आता ९३ किलो आहे. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या, जिना चढताना लागणारी धाप थांबली, त्यामुळे शस्त्रक्रियेबद्दल आमची काहीही तक्रार नाही. मात्र गणपतीनंतर त्यांना वारंवार चक्कर येऊ लागली आहे आणि मागच्या आठवड्यात दादर स्थानकाच्या पुलावर ते शुद्ध हरपून पडले, म्हणून हा धागा काढत आहे.

मी घरी वही घालून नोंदी ठेवल्या, आणि त्या वाचताना मला असे वाटू लागले की हा एक त्रास नसून दोन वेगळे त्रास आहेत. पहिला सकाळचा. अंथरुणातून उठल्यावर, किंवा वाकून बूट घालून झाल्यावर उभे राहिले की त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. ते कपाटाला धरून उभे राहतात आणि मिनिटाभरात सावरतात. एकदा मी झोपलेल्या स्थितीत त्यांचे बीपी मोजले तेव्हा ते ११८/७६ होते आणि उभे राहिल्यावर लगेच मोजले तर ९४/६२ भरले. बीपीची गोळी शस्त्रक्रियेच्या आधी होती तीच, तेवढ्याच मात्रेची सुरू आहे. तिच्यात टेल्मिसार्टनबरोबर लघवी वाढवणारे औषधही आहे. पाणी मात्र दिवसभरात जेमतेम लिटरभर पोटात जाते. जेवणाबरोबर पाणी प्यायचे नाही, एका वेळी दोन घोटांपेक्षा जास्त जात नाही, आणि भांडुपहून मशीद बंदरपर्यंतच्या लोकलच्या गर्दीत बाटली काढण्याइतकाही हात हलत नाही. त्यात ऑक्टोबरचा उकाडा.

दुसरा त्रास जेवणानंतर साधारण दोन तासांनी होतो, तोही प्रत्येक जेवणानंतर नाही. दादरला पडले त्या दिवशी कार्यालयात कोणाच्या तरी बढतीनिमित्त शिरा होता, त्यावर साखरेचा चहा झाला. परतताना गाडी बदलण्यासाठी पूल चढत असताना दरदरून घाम आला, हात थरथरू लागले आणि ते कोसळले. भल्या माणसांनी बाकावर निजवले, एकाने कांदा हुंगायला दिला, दुसऱ्याने आंब्याच्या रसाचे पाकीट पाजले. त्या रसाने पाच-दहा मिनिटांत तरतरी आली, पण घरी पोहोचेपर्यंत तीच थरथर पुन्हा सुरू झाली. संकष्टीलाही असेच झाले. दिवसभराचा उपवास, चंद्रोदयानंतर वरणभात आणि मोदक, आणि झोपायच्या वेळी घामाने भिजलेला सदरा व विचारलेल्या प्रश्नांना भलतीच उत्तरे. सासूबाईंचा जुना ग्लुकोमीटर लावला तर साखर ५६ आली.

शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयात फोन केला तर "बीपीचे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा," असे सांगतात, आणि नेहमीचे डॉक्टर म्हणतात, "ज्यांनी ऑपरेशन केले त्यांनाच दाखवा." दोघांच्याही बोलण्यात शेवटी अशक्तपणा येतो आणि टॉनिक लिहून मिळते. हिमोग्लोबिन १०.८ आहे; लोह आणि बी-१२ चा अहवाल यायचा आहे. उलट्या नाहीत.

माझे प्रश्न असे आहेत. बीपीची गोळी कमी करण्याचा निर्णय नेमका कोणी घ्यायचा? मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या बंद असताना साखर इतकी खाली कशी जाते? आणि हे फिरतीवर नसले तरी रोज लोकलने जातात, तर तोपर्यंत कोणती काळजी घ्यावी?

प्रतिसाद :

ताई, मी निवृत्त फिजिशियन आहे. रुग्णाला न तपासता औषध सांगणार नाही, परंतु तुमच्या वहीतील नोंदी पुष्कळ काही सांगतात. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचे बीपी २० किंवा खालचे १० ने उतरले, तर त्याला उभे राहिल्यावर बीपी पडणे म्हणतात, आणि तुमचे आकडे त्यात बसतात. वजन उतरले की बीपी आपोआप उतरते, मग जुनी मात्रा जास्त ठरते. त्यातून पाणी कमी आणि वर लघवी वाढवणारे औषध. गोळी मनाने बंद करू नका, पण पुढच्या तपासणीची वाटही पाहू नका. झोपून आणि उभ्याने घेतलेली मापे कागदावर लिहून उद्याच फिजिशियनला दाखवा. मात्रा तेच ठरवतील. सोबत सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि ईसीजी करून घ्या. पडून शुद्ध हरपली आहे, त्यामुळे ईसीजी टाळू नये.

दुसरा त्रास वेगळा आहे, हा तुमचा अंदाज मला योग्य वाटतो. या शस्त्रक्रियेनंतर अन्न जठरात न रेंगाळता सरळ लहान आतड्यात उतरते. गोड किंवा पिठूळ पदार्थ असला की रक्तातील साखर झपाट्याने चढते, शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडते, आणि एक ते तीन तासांनी साखर खाली कोसळते. याला लेट डम्पिंग म्हणतात आणि त्यासाठी मधुमेहाची गोळी चालू असावी लागत नाही. आंब्याच्या रसाने आधी बरे वाटून पुन्हा थरथर का आली, याचेही उत्तर यातच आहे. साखर ७० च्या खाली गेली तर थोडे ग्लुकोज द्यावेच, पण सावरल्यावर लगेच पनीर, उकडलेले अंडे किंवा मूठभर शेंगदाणे द्यावेत, म्हणजे ती पुन्हा घसरत नाही. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

हिमोग्लोबिन १०.८ पुरुषासाठी कमीच आहे. शौचाला डांबरासारखे काळे होत असेल तर शस्त्रक्रियेत जठर आणि आतडे जोडले त्या जोडाजवळ अल्सर होऊन रक्त जात असण्याची शक्यता पाहावी लागते. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, म्हणून नुसत्या रंगावर न जाता डॉक्टरांना सांगा. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या या रुग्णांना स्वतःहून देऊ नयेत. आज उलट्या नाहीत हे चांगले; पुढे कधी उलट्या लागून एकाची दोन दिसू लागली किंवा चाल अडखळली, तर थेट रुग्णालयात न्या, कारण बी-१ जीवनसत्त्व संपल्याचे ते लक्षण असू शकते.

प्रतिसाद :

माझी हीच शस्त्रक्रिया होऊन आता बरीच वर्षे झाली, म्हणून पाण्यापुरते आणि ताटापुरते लिहिते. जेवणाच्या अर्धा तास आधी पाणी थांबवून जेवणानंतर अर्ध्या तासाने पुन्हा सुरू करायचे, आणि मधल्या सगळ्या वेळात दर काही मिनिटांनी घोटभर, तहान असो वा नसो. गाडीत जमत नसेल तर घरातून निघण्याआधी आणि कार्यालयात टेकल्यावर ती भर काढावी लागते. ताटात आधी उसळ, अंडे किंवा मासा, मग भाजी, आणि उरलेल्या जागेत भाकरीचा चतकोर. साबुदाण्याची खिचडी मी सोडली. संकष्टीबद्दल स्पष्ट सांगते, राग मानू नका: सध्या उपवास नको. आमच्या गुरुजींनी "औषध घेणाऱ्याला उपवास नाही," असे सांगितल्यावर माझ्या सासऱ्यांचाही विरोध मावळला.

धागाकर्ती :

डॉक्टर आणि ताई, दोघांचे मनापासून आभार. आज फिजिशियनने मापे पाहून लघवी वाढवणारे औषध काढले आणि टेल्मिसार्टनची मात्राही निम्मी केली. ईसीजीत दोष नाही. साखरेसाठी त्यांनी एंडोक्रिनॉलॉजिस्टला (हार्मोन आणि मधुमेहाचे तज्ज्ञ) दाखवण्यास सांगितले आहे. परळच्या केईएम रुग्णालयात तो विभाग आहे, तिथे जाण्याचा विचार आहे. तोपर्यंत स्कूटर बंद, आणि ते एकटे प्रवास करणार नाहीत. मुलगा सोबत जाईल. तिथे दाखवण्यापूर्वी साखरेच्या नोंदी कशा ठेवाव्यात? प्रत्येक जेवणानंतर एक आणि दोन तासांनी, की फक्त त्रास होईल तेव्हा? आणि सासूबाईंचा ग्लुकोमीटर जुना आहे, त्याचे ५६ हे माप कितपत धरावे?