जिमी जॉन्सनचे सात म्हणजे सातच!

शार्लटवासी
परवा आमच्या मित्रमंडळींत जेवताना नॅसकारचा विषय निघाला. एकजण सहज बोलून गेला, "पेटीचे सात खरे, अर्नहार्टचे सात खरे, जॉन्सनचे सात प्लेऑफचे." प्लेऑफचे म्हणजे शेवटच्या काही शर्यतींच्या वेगळ्या हिशेबाने मिळालेले. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी: नॅसकार ही अमेरिकेतली स्टॉक कारची सर्वांत मोठी मालिका. वर्षाला ३६ शर्यती, बहुतेक लंबगोल ट्रॅकवर. तिथे सात वेळा विजेता झालेले तिघंच आहेत, रिचर्ड पेटी, डेल अर्नहार्ट आणि जिमी जॉन्सन. आणि २००६ ते २०१० असं सलग पाच वेळा जिंकलेला जिमी एकटाच. त्याच्याआधी सलग तीनच्या पुढे कोणाची मजल गेली नव्हती (केल यारबरो, १९७६ ते ७८).

पेटीचे वडील ली स्वतः तीन वेळचे विजेते. अर्नहार्टचे वडील राल्फही नावाजलेले रेसर. जिमी मात्र कॅलिफोर्नियातल्या एल कहोनचा, वडील अवजड यंत्रं चालवायचे आणि आई शाळेची बस. तो शिकला वाळवंटात, मोटरसायकल आणि ट्रकवर. मेक्सिकोतल्या बाहाच्या लांबलचक शर्यतीत चालवता चालवता डोळा लागून ट्रक उलटवून बसलेला हा मुलगा. २००० मध्ये वॉटकिन्स ग्लेनच्या ट्रॅकवर ब्रेक गेले आणि गाडी सरळ भिंतीवर गेली. भिंतीपुढे फोमचे ठोकळे होते म्हणून वाचला. बाहेर आला तो थेट गाडीच्या टपावर चढला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. तेव्हाचा आघाडीचा ड्रायव्हर जेफ गॉर्डनने त्याला हेरलं, टीमचा मालक रिक हेंड्रिककडे त्याचं नाव लावून धरलं आणि ४८ नंबरच्या गाडीत स्वतः भागीदार झाला. तेराव्याच शर्यतीत जिमी जिंकला.

२०१६ च्या हंगामाची होमस्टेड ट्रॅकवरची शेवटची शर्यत मी विसरू शकत नाही. विजेतेपदाचे दावेदार चार: जिमी, कार्ल एडवर्ड्स, जोई लोगानो, काइल बुश. चौघांत जो पुढे संपवेल तो विजेता. तपासणीत जिमीच्या गाडीत दोष निघाला म्हणून त्याला सगळ्यांच्या मागून सुरुवात करावी लागली. दिवसभर गाडीत दम दिसत नव्हता. दहा लॅप उरल्या असताना लोगानोला अडवायला गेलेला एडवर्ड्स भिंतीवर आदळला आणि खेळ पुन्हा मांडला गेला. अपघातानंतर गाड्या पुन्हा एकत्र सोडतात, त्या शेवटच्या रिस्टार्टला जिमीने काइल लार्सनला मागे टाकलं. पूर्ण शर्यतीत तो फक्त तीन लॅप पुढे होता, पण त्या शेवटच्या तीन. सातवं विजेतेपद त्याने असं मिळवलं. मी घरात उभा राहून ओरडत होतो.

गियरबॉक्स
लिहिलंय मनापासून, पण सहमत नाही. तुमच्या मित्राचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. २००४ पासून शेवटच्या दहा शर्यतींसाठी आघाडीच्या गाड्यांचे गुण पुन्हा जवळजवळ सारखे करायला लागले. त्याआधी वर्षभराची बेरीज चालायची. २००७ घ्या. जुन्या पद्धतीने मोजलं असतं तर जेफ गॉर्डन साडेतीनशेहून जास्त गुणांनी विजेता होता. वर्षभर सगळ्यांत सातत्याने गाडी चालवलेल्या माणसाचं विजेतेपद दहा शर्यतींत गेलं, आणि तेही त्याने स्वतः आणलेल्या मुलाकडे. पेटीला, अर्नहार्टला ही सोय कधी मिळाली नाही.

दुसरं, जिमीचा क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या चमूचा प्रमुख, चॅड कनाउस. २००६ च्या डेटोना ५०० ला, म्हणजे नॅसकारच्या सर्वांत मानाच्या शर्यतीला, गाडीच्या मागच्या काचेत फेरफार सापडला म्हणून त्याला घरी पाठवलं. २००७ मध्ये सोनोमाला फेंडरमधल्या (चाकांवरच्या पत्र्यातल्या) फेरफारावरून सहा शर्यतींची बंदी. हे सगळं बाजूला ठेवून गुणगान कसं करायचं?

शार्लटवासी
@गियरबॉक्स, कनाउसच्या बाबतीत मी बचाव करणार नाही. नियम मोडले, शिक्षा झाली, योग्य झालं. पण तो डेटोना जिमीने डेरियन ग्रब या बदली माणसाबरोबर जिंकला, हेही त्याच हिशेबात धरा.

गॉर्डनचं दुःख मलाही आहे. पण त्या दहापैकी सलग चार शर्यती जिमीने जिंकल्या: मार्टिन्सव्हिल, अटलांटा, टेक्सास, फिनिक्स. कधी जोर लावायचा हे दोघांनाही सारखंच माहीत होतं. आणि पद्धत त्याच्यासाठी बनवली होती म्हणाल, तर कुठली? २००६ ला दहा गाड्यांची होती, २००७ पासून बाराची आणि जिंकण्याला जादा गुण. २०१३ पर्यंत गुणांचं कोष्टकच बदललेलं. २०१६ ला तर बाद फेऱ्या आणि शेवटी चौघांत एक शर्यत. प्रत्येक वेळी प्रश्नपत्रिका बदलली आणि हाच पहिला आला. २००४ ला याच पद्धतीने तो अवघ्या आठ गुणांनी हरला होता, तेव्हा कोणी "सोय" म्हटलं नाही.

मृण्मयी
आकड्यांत अडकलात दोघंही. पेटीने २०० शर्यती जिंकल्या आणि तासन् तास सह्या देत उभा राहायचा. १९९८ मध्ये विसाव्या प्रयत्नात अर्नहार्टने डेटोना ५०० जिंकली, तेव्हा दुसऱ्या टीमची माणसं पिट रोडवर (जिथे गाड्या टायर-इंधनासाठी थांबतात) रांग लावून त्याच्या हातावर टाळी द्यायला उभी होती. असं प्रेम जॉन्सनला मिळालं का? त्या पाच वर्षांत लोकांनी टीव्ही बंद केले. सगळं इतकं मोजूनमापून की शर्यत बघतोय की यंत्र, कळायचं नाही. मोठेपणात माणूस दिसायला हवा.

सातारकर
मी फॉर्म्युला वनवाला. एक प्रामाणिक प्रश्न: डावीकडे वळत राहण्यात कौशल्य कुठलं? हे सात फॉर्म्युला वनमधल्या शूमाखर-हॅमिल्टनच्या सातांशी तोलायचे का?

शार्लटवासी
@सातारकर, तोलू नका, पण डोव्हरचा ट्रॅक बघा. एक मैलाचा काँक्रीटचा ट्रॅक, वळणांना २४ अंशांचा उतार, शेजारी हातभर अंतरावर दुसरी गाडी. टायर झिजतात तशी गाडी बदलते. कधी पुढचं टोक वळायलाच तयार नाही, कधी मागचं टोक सुटून जातं. रेडिओवर ड्रायव्हरने ते नेमकं सांगायचं, पिटमध्ये मागच्या काचेजवळ पाना घालून काही अर्धे फेरे द्यायचे, आणि पुढच्या लॅपला उत्तर मिळतं. डोव्हरला जिमी अकरा वेळा जिंकला. मार्टिन्सव्हिलला विजेत्याला उभं मोठं लंबकाचं घड्याळ देतात. त्याच्याकडे अशी नऊ आहेत.

गियरबॉक्स
डोव्हर मान्य. पण पेटीच्या काळाला कमी लेखू नका. १९६७ मध्ये २७ विजय, त्यातले दहा सलग.

शार्लटवासी
कमी लेखत नाहीये. पण तेव्हा वर्षाला जवळपास पन्नास शर्यती, त्यातल्या कित्येक छोट्या मातीच्या ट्रॅकवरच्या, आणि पेटींच्या तोडीच्या टीम मोजक्या. जिमीचे ८३ विजय अशा काळातले, जिथे त्याच्याच टीममध्ये गॉर्डन होता.

@मृण्मयी, तुमचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त लागला. यंत्र म्हणता त्याचं कारण कळतं. २०१० ला टेक्सासमध्ये पिटची माणसं चुकायला लागली, तर कनाउसने शर्यत चालू असताना त्यांना बाजूला केलं आणि अपघातात बाहेर गेलेल्या गॉर्डनची माणसं लावली. मलाही ते कठोर वाटलं होतं. पण शेवटच्या शर्यतीआधी प्रतिस्पर्धी डेनी हॅमलिनच्या पंधरा गुण मागे असूनही जिमीने पाचवं विजेतेपद खेचून आणलं, त्यात हा कठोरपणाही आहे.

मृण्मयी
हेच तर म्हणतेय. कठोरपणाचा आदर करता येतो, प्रेम नाही.

शार्लटवासी
मग २००४ सांगतो. २४ ऑक्टोबर, मार्टिन्सव्हिल. शर्यतीला निघालेलं हेंड्रिकचं विमान धुक्यात डोंगरावर आदळलं. दहा माणसं गेली. रिक हेंड्रिकचा मुलगा रिकी, भाऊ, दोन पुतण्या, इंजिनं बांधणारे रँडी डॉर्टन. शर्यत चालूच होती आणि जिमीला गाडीत काहीच माहीत नव्हतं. तो जिंकला. शर्यत संपल्याच्या चेकर्ड फ्लॅगनंतर त्याला सांगितलं. त्या दिवशी व्हिक्टरी लेनमध्ये, जिथे विजेता जल्लोष करतो, कोणी गेलं नाही.

आठवड्याने अटलांटा. त्यांनी गाड्या उतरवल्या आणि जिमी पुन्हा जिंकला. रिकी टोपी उलटी घालायचा. व्हिक्टरी लेनमध्ये सगळ्यांच्या टोप्या उलट्या होत्या, जिमीचीसुद्धा.