ऊसतोडीच्या गावातली शाळा : घरच्यांना मुलांच्या अभ्यासात ओढायला छोटं अनुदान कुठून मिळेल?

बाभूळवाट
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी, पट ३८. मुलं शाळेत येतात, शिकतात, पण घरी गेल्यावर पुस्तकाचा विषय संपतो. पालकसभा बोलावली की चार-पाच बायका येतात, सही किंवा अंगठा करून निघून जातात. बाप्ये तर झेंडावंदनालाच दिसतात.

माझ्या डोक्यात घरच्यांसाठी वर्षभराचा एक कार्यक्रम आहे. महिन्याला एक वाचन-संध्याकाळ, घरी न्यायला पुस्तकं, प्रोजेक्टरवर गोष्टी. साधारण साठ हजारांचा अंदाज काढलाय, त्यातले निम्मे प्रोजेक्टर आणि पडद्याचे. शाळेचं अनुदान लाइट बिल, खडू, रजिस्टर, रंगरंगोटी यातच संपतं. एवढ्या लहान कामाला पैसे कोण देतं? अर्ज कसा लिहायचा? कुणी केलं असेल तर सांगा.

निवृत्त_केंद्रप्रमुख
ताई, बाहेर जाण्याआधी घरातलं बघा. समग्र शिक्षा योजनेच्या निकषात ३१ ते १०० पटाला कंपोझिट ग्रँट, म्हणजे शाळेचं वार्षिक एकत्रित अनुदान, २५,००० पर्यंत आहे, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालावे लागतात. म्हणजे तुमच्या हातात २२,५०० राहतात, तेही हप्त्याहप्त्याने आले तर. त्यातून हा कार्यक्रम बसणार नाही हे खरं. पण ग्रंथालयाचं अनुदान वेगळं असतं, प्राथमिकला ५,००० पर्यंत. यंदा तुमच्या शाळेला मंजूर आहे का, ते तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विचारा. बरेच मुख्याध्यापक विचारतच नाहीत, आणि मार्चअखेर न वापरलेली खर्चमर्यादा परत जाते.

दुसरं, ठराव. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा ही समितीच करते. तुमचा कार्यक्रम त्या आराखड्यात एका ओळीने तरी आला पाहिजे. कुठल्याही दारात गेलात तरी पहिला कागद तोच मागतील. तारीख, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, सगळं.

खडूची_धूळ
वाचतोय. आमचीही हीच गत.

दोन_एकर_कोरडवाहू
मॅडम, राग मानू नका, मी पालक आहे. तुमच्याच भागातला, गाव वेगळं. आमच्या शाळेतून बोलावणं आलं की आम्ही खिसा चाचपतो. वर्गणी तरी, गणवेशाचा फोटो तरी, आधारची झेरॉक्स तरी. सात वर्षांत एकदाबी असं झालं नाही की गुरुजी म्हणले, या, तुमच्या पोरानं काय लिहिलंय ते बघा. मग कोण येणार हो रोजगार बुडवून?

आणि सभा सकाळी अकराला. अकराला आम्ही कुठं असतो ते तुमाला ठावं नाही का?

दुसरं म्हणजे, दिवाळी झाली की आम्ही नसतोच. मुकादमाकडनं आगाऊ उचल घेतलेली असती, कोयता, म्हंजी नवरा-बायकोची जोडी, उसाच्या फडावर जातो, तो पट्टा पडल्यावरच, म्हंजी हंगाम संपल्यावरच माघारी येतो. तुमची वर्षभराची संध्याकाळ निम्मं वर्ष रिकामीच जायची.

बाभूळवाट
दादा, राग कसला. अकराची सभा मीच लावते, कारण पाचला माझी शेवटची गाडी असते. हे लिहिताना लाज वाटली.

हंगामाचं म्हणाल तर आमच्याकडे हंगामी वसतिगृह चालतं, आई-बाप ऊसतोडीला गेले तरी पोरं गावात राहून शिकावीत म्हणून. नोव्हेंबरनंतर ३८ पैकी वीसेक पोरं आजी-आजोबांकडे राहतात, काही फडावर जातात. पालकसभा तेव्हा नावालाच.

निवृत्त_केंद्रप्रमुख
वसतिगृह आहे म्हणजे समितीला खरेदी, हजेरी, पावत्या यांचा सराव आहे. अर्जात हे जरूर लिहा. पैसे देणाऱ्याला हिशेब ठेवता येणारी माणसं हवी असतात.

ओवी_आणि_कोडी
बाभूळवाट, तुमचा पालक नोव्हेंबरनंतर आजी आहे हे एकदा मान्य केलं की सगळा अंदाजच बदलतो. आजीला वाचता येत नाही, म्हणून आपण तिला बोलावत नाही. पण तिच्याकडे जे आहे ते आपल्याकडे नाही.

मी नंदुरबारकडे काही वर्षं काम केलं, आता नाशिकला आहे. एका शाळेत आम्ही फक्त एवढंच केलं : दर पंधरा दिवसांनी दोन आज्या वर्गात येऊन बसायच्या. एक गोष्ट सांगायची, चार कोडी घालायची. तिसरी-चौथीची मुलं ती गोष्ट आपल्या अक्षरात लिहायची, पहिली-दुसरीची चित्र काढायची. मग तेच पान घरी जायचं आणि मूल आजीला तिचीच गोष्ट वाचून दाखवायचं. चुकीचं वाचलं तर ती लगेच टोकते, कारण गोष्ट तिला पाठ असते! निरक्षर बाई वाचन तपासते आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्या वेळी एक आजी पदर तोंडाला लावून हसतच बसली, एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या खेपेला उठवता उठेना.

यात प्रोजेक्टर कुठेच लागला नाही. खरं सांगू, प्रोजेक्टर असता तर आज्या गप्प बसून बघत राहिल्या असत्या.

पुस्तकांचं म्हणाल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, खुल्या परवान्याच्या, त्यामुळे छापून वाटल्या तरी हरकत नाही. विकत घ्यायची तर नॅशनल बुक ट्रस्ट आणि ज्योत्स्ना प्रकाशनची बघा. शक्य झालं तर पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सोनाळ्याला क्वेस्ट संस्थेचं काम बघून या. त्यांच्या गोष्टरंगमध्ये नट मुलांपुढे गोष्ट उभी करतात, ते पाहिल्यावर वाचनाचा तास कसा घ्यायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

गावगाडा_७७
ग्रामपंचायतीत नोकरीला आहे म्हणून लिहितो. पंचायतीला स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ते खुर्च्या, सतरंज्या नाहीतर शिलाई मशीनवर जातात. लहान गावात रक्कम फार नसते, पण पाच-आठ हजार निघतात. अर्ज देताना ‘शाळेला मदत’ असं मोघम लिहू नका, ‘माता व आजी वाचन उपक्रम’ असं लिहा, म्हणजे खर्चाच्या त्या शीर्षात बसवायला सोपं जातं. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्या. गावाच्या आराखड्यात नाव आलं तर पुढच्या वर्षी परत मागायला लागत नाही.

सरपंचबाई असतील तर आधी त्यांच्या घरी चहाला जा. हा सल्ला कुठल्या जीआरमध्ये नाही.

ताळेबंद
कंपनीत सीएसआर, म्हणजे समाजकामाचा निधी, बघते. थोडं कडू लिहिते. एवढ्या लहान रकमेसाठी मोठ्या कंपनीच्या मागे लागू नका. नफ्यातले २ टक्के समाजकामावर खर्चायचा नियम निव्वळ नफा ५ कोटी वगैरे असलेल्या कंपन्यांना आहे, आणि आमच्याकडे वीस हजारांच्या कामाला जेवढे कागद लागतात तेवढेच वीस लाखांच्या कामाला लागतात. वर एप्रिल २०२१ पासून ज्या संस्थेमार्फत काम करायचं तिची सीएसआर-१ नोंदणी लागते. तुमच्या समितीकडे ती नसणार. म्हणून कंपन्या शाळेला रोख न देता वस्तू स्वतः घेऊन देतात, आणि मग तुम्हाला हवं ते न मिळता त्यांच्या फोटोत दिसेल ते मिळतं.

त्यापेक्षा जवळची दारं ठोठवा. तालुक्यातली पतसंस्था, रोटरी क्लब, बाजारपेठेतला कृषी सेवा केंद्रवाला, शाळेतून शिकून पुण्याला गेलेली मुलं. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर शाळेची नोंद करून नेमकी मागणी टाकता येते, तेही करून ठेवा. अर्ज एका पानाचा लिहा. पहिल्या परिच्छेदात किती मुलं, किती आज्या, किती संध्याकाळी, किती रुपये. ‘सर्वांगीण विकास’ हे शब्द आले की मी पान उलटते. शेवटी लिहा की पैसे संपल्यावर काय उरेल. तुमच्याकडे याचं उत्तर छान आहे : मुलांनी लिहिलेलं आजीच्या गोष्टींचं पुस्तक.

ऱ्हाईनकाठचा
ड्यूसेलडॉर्फला असतो, मूळचा अंबाजोगाईचा. एवढे पैसे मीच देतो की. इथल्या मराठी मंडळात डबा फिरवला तर दुप्पट जमतील. खाते क्रमांक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ताळेबंद
थांबा थांबा! मंडळाकडून नको. परदेशात नोंदलेल्या संस्थेचा पैसा म्हणजे विदेशी अंशदान, त्याला एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते. शाळा समितीला नसत्या भानगडीत पाडाल. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले चालतात, ते विदेशी अंशदान धरत नाहीत. ओसीआय कार्डवाल्यांचं, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं, मात्र धरतात.

ऱ्हाईनकाठचा
पासपोर्ट भारतीय, बायको ओसीआय. म्हणजे हिशेब माझ्याच खिशातून. समजलं.

निवृत्त_केंद्रप्रमुख
आणि ताईंच्या वैयक्तिक खात्यावर, फोनपेवर एक रुपयाही नको. सद्भावनेने घेतलेल्या पैशाची चौकशी लागलेली मी पाहिली आहे. पावती समितीच्या नावाने, नोंद लोकसहभागाच्या वहीत, आणि हिशेब शाळेच्या भिंतीवर लावा.

शून्य_शिक्षकी
पण हे सगळं शिक्षकानेच का करायचं? ऑनलाइन माहिती, बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम, शालेय पोषण आहार, आणि आता आज्या. शिकवायचं कधी?

ओवी_आणि_कोडी
प्रश्न बरोबर आहे, म्हणून तर शिक्षकाने करू नये. २०२२ ला ‘पहिले पाऊल’ शाळापूर्व तयारी मेळाव्यांच्या वेळी गावोगावी माता गट झाले होते. गटातल्या बायका आयडिया कार्डवरून घरच्या घरी मुलांचे खेळ घ्यायच्या. बाभूळवाट, तुमच्याकडचा गट नावाला तरी जिवंत असेल. त्यातली एखादी बारावी झालेली सून शोधा. संध्याकाळ तिने चालवायची, तुम्ही पाचच्या गाडीने जायचं. महिन्यातून एखादा दिवस मुक्काम केलात तर उत्तम, पण त्यावर कार्यक्रम टांगू नका. आणि निरोप व्हॉट्सॲपवर नको, स्मार्टफोन बापाबरोबर फडावर गेलेला असतो. निरोप पोरांच्या तोंडी, नाहीतर देवळाच्या भोंग्यावरून.

दोन_एकर_कोरडवाहू
फडावर फोन असतो पण रातच्याला. जेवणं झाल्यावर, आठ-साडेआठला. त्या वेळी पोरानं गोष्ट वाचून पाठवली तर आम्ही कोपीत, आमच्या झोपडीत, ऐकू. ही गोष्ट मला करता येईल, बाकीचं मला जमायचं नाही.

बाभूळवाट
तीन दिवसांनी परत येतेय. प्रोजेक्टर कापला. समितीची बैठक घेतली, संध्याकाळी सहाला, मुक्काम करून. अकरा बायका आणि चार बाप्ये आले. ठराव झाला. नवा अंदाज असा :

८० पुस्तकं सरासरी ७० रुपयांची, ५,६००. घरी न्यायला ४० कापडी पिशव्या, बचत गटाकडून शिवून, २,०००. सहा संध्याकाळचा चहा-पोह्यांचा खर्च ४,२००. आवाज साठवायला आणि ऐकवायला छोटा स्पीकर आणि कार्ड, २,५००. शेवटी आजीच्या गोष्टींचं पुस्तक, १०० प्रती, ४,५००. एकूण १८,८००.

सरपंचबाईंकडे चहाला जाऊन आले (गावगाडा, आभार). आठ हजार देतो म्हणाल्या, ऑगस्टच्या ग्रामसभेत. ग्रंथालयाचे पाच हजार यंदा मंजूर आहेत, मला माहीतच नव्हतं. उरले ५,८००. ऱ्हाईनकाठचे दादा, तेवढेच पाठवा, जास्त नको, सगळे तुमच्याकडून घेतले तर गाव हात काढून घेईल. समितीचा खाते क्रमांक व्यनि केलाय.

संध्याकाळ चालवायला अंगणवाडी मदतनीसांची सून तयार झाली आहे. चार संध्याकाळी दिवाळीआधी, आई-बाप गावात असताना. दोन जानेवारीत, आज्यांसाठी. मधल्या काळात रात्री साडेआठला फडावर आवाज जाईल. दोन एकर दादा, तुमच्या सांगण्यावरून हे घातलं.

आता एक अडचण. मुलांनी लिहिलेल्या गोष्टी जशाच्या तशा, आमच्या बोलीत छापायच्या की प्रमाण मराठीत? आमचे मुख्याध्यापक म्हणतात पुस्तक साहेब बघणार, शुद्ध हवं.

ओवी_आणि_कोडी
बोलीत! आजीने ‘कोल्हं’ म्हटलं असेल तर कोल्हंच छापा. तुम्ही ‘कोल्हा’ केलंत तर ती पोराला टोकेल, आणि बरोबरच टोकेल. साहेबांसाठी मागच्या पानावर शब्दार्थ द्या.

निवृत्त_केंद्रप्रमुख
मी साहेब होतो. बोलीत छापा. प्रत एक मला पाठवा, पैसे देतो.

दोन_एकर_कोरडवाहू
मॅडम, तुमच्या सूनबाईचा निरोप आमच्या गावच्या गुरुजीस्नी पण द्या. आमच्या म्हातारीला भुताच्या लई गोष्टी येत्यात, चालतील का?