आधी पाणी खारं की गोडं ते ठरवा
बोटीत पाणी साचतंय म्हणून ती लगेच वर ओढून तळाला तडा शोधायचा, हा सल्ला घाईचा वाटतो. आधी बिल्ज (बोटीच्या तळाची पाणी साचणारी जागा) गोड्या पाण्याने धुऊन कोरडं करा. जुनं मीठ राहिलं तर पावसाचं पाणीही खारट लागतं. मग साचलेल्या पाण्याचा थेंब काचेवर वाळवा (चाखू नका, त्यात डिझेल असतं). मिठाचा जाड पांढरा थर राहिला तर समुद्राचं, नाहीतर पावसाचं किंवा बोटीतल्या गोड्या पाण्याच्या टाकीचं.

खारं निघालं तर कोरड्या तळावर टाल्कम पावडर भुरभुरवा, ओघळ उगमापर्यंत नेतो. इंजिन चालू असतानाच गळत असेल तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे होज (नळ्या) आणि शाफ्टची ग्लँड (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथला पाणी अडवणारा सांधा) बघा. पॅकिंगच्या (दांड्याभोवती दोरी दाबून बसवलेल्या) ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडणारच; ती पूर्ण आवळली तर पॅकिंग जळतं.