कसबा पेठेला 'बालेकिल्ला' म्हणायचं कशाच्या जोरावर?

पेठेतला

पुण्यातल्या कसबा विधानसभेबद्दल कुठेही काही छापून आलं की पहिल्या दोन ओळींत 'भाजपचा बालेकिल्ला' हे शब्द असतातच. मी जन्मापासून याच मतदारसंघात राहतो आणि मला हा शब्द पटत नाही. का ते सांगतो, मग तुम्ही बोला.

१९७८ ला अरविंद लेले जनता पक्षाकडून आले, १९८० ला भाजपकडून. १९८५ ला काँग्रेसचे उल्हास काळोखे. १९९० ला अण्णा जोशी, म्हणजे परत भाजप. जोशी १९९१ ला लोकसभेवर गेले, जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या वसंत थोरातांनी भाजपच्या उमेदवाराला पाडलं. तो पडलेला उमेदवार म्हणजे गिरीश बापट. पुढे ज्यांच्या नावाने हा मतदारसंघ ओळखला गेला, ते इथे आधी हरले होते हे आज फारसं कुणाच्या ध्यानात नाही. १९९५ ते २०१४ बापट सलग पाच वेळा आले, ते खरंच. २०१९ ला मुक्ता टिळक २८ हजारांनी. मग २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जवळपास ११ हजारांनी, आणि २०२४ ला भाजपचे हेमंत रासने १९,४२३ मतांनी.

आता त्या पाच विजयांतला २००९ चा घ्या. बापटांना साधारण ५५ हजार मतं. तेव्हा मनसेकडून उभे असलेले धंगेकर आणि काँग्रेसचे रोहित टिळक, दोघांनाही ४७ हजारांच्या आसपास. बापटांना मत न दिलेले लोक दिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. २०१४ ला युती तुटली, आघाडीही तुटली, सगळे वेगवेगळे लढले आणि बापट ४२ हजारांनी आले. विरोधातली मतं एकाच पारड्यात पडली की काय होतं ते २०२३ ला दिसलं.

या शब्दाचा तोटा आम्हा मतदारांना होतो म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला पुण्यात १९७० पासून मिळकतकरात ४० टक्के सवलत होती. ती काढली गेली. आमच्याकडे फरकाचं बिल आलं तेव्हा वडिलांनी ते चार वेळा वाचलं, चष्मा पुसून पाचव्यांदा वाचलं. निवेदनं, अर्ज, सगळं करून झालं. २ मार्च २०२३ ला कसब्याचा निकाल लागला आणि त्याच महिन्यात ही सवलत कायम ठेवत असल्याचं सरकारने जाहीर केलं. योगायोग म्हणणाऱ्यांनी म्हणावं. मला तसं वाटत नाही.

आकडेमोड

आकडे बरोबर आहेत, पण त्यांतून तुम्ही काढलेला अर्थ मला मान्य नाही.

२००९ ला मनसेकडे गेलेली मतं काँग्रेसच्या बाजूची होती हे कुणी ठरवलं? त्या वर्षी मनसेने शहरांमध्ये युतीचीच मतं खाल्ली होती. धंगेकर उभे नसते तर त्यातली निम्मीशिम्मी बापटांकडेच वळली असती. विरोधातल्या सगळ्यांची एक मोट बांधून 'बघा, बहुमत दुसरीकडे होतं' असं म्हणता येत नाही.

आणि २०२३ व २०२४ चे आकडे शेजारी ठेवा ना. धंगेकरांना पोटनिवडणुकीत ७३ हजार, सार्वत्रिकमध्ये ७० हजारांवर. म्हणजे त्यांची मतं जवळपास जागेवरच राहिली. रासने मात्र ६२ हजारांवरून थेट ९० हजारांवर गेले. हे २८ हजार लोक कुठून उगवले? घरातच होते की ते! २०२३ ला मतदान निम्म्याच्या आसपास झालं होतं.

त्या दिवशी मी बूथबाहेर टेबल टाकून बसलो होतो. पुढ्यात मतदारयादी, हातात पट्टी, माणूस मत देऊन गेला की नावापुढे खूण. ज्या पानांवर एरवी दुपारी बारापर्यंत निम्म्या खुणा झालेल्या असतात तिथे पाच नाहीतर सहा. फोन लावले. 'बघू', 'ऊन उतरल्यावर येतो', 'सूनबाई आल्या की निघतो'. कुणी तोंडावर नाही म्हटलं नाही, आलं मात्र कुणी नाही. रुसलेला माणूस घरात बसतो, शेजारच्याच्या पंगतीला जाऊन बसत नाही. पुढच्या वर्षी तेच लोक सहकुटुंब आले. बालेकिल्ला म्हणतात तो यालाच.

शनिवारातली

आकडेमोड, मी घरी बसले नव्हते. बाहेर पडले आणि आयुष्यात पहिल्यांदा वेगळं बटण दाबलं.

मुक्ताताई जून २०२२ मध्ये इतक्या आजारी असताना आमदार म्हणून रुग्णवाहिकेतून मुंबईला मतदानाला गेल्या होत्या. डिसेंबरात त्या गेल्या. उमेदवारी त्यांच्या घरात दिली नाही म्हणून 'ब्राह्मण मतदार नाराज' असं जे महिनाभर टीव्हीवर चाललं होतं, त्याने मला फार लागलं. मी शाळेत तीस वर्षं शिकवलं, घरपट्टी भरते, नळाला पाणी कमी येतं तेव्हा मीही भांडते. माझ्या मताचं कारण माझ्या आडनावात शोधणाऱ्यांना मी काय सांगू? रासने वाईट उमेदवार होते असंही नाही. पण केसरीवाड्यातल्या सभेत नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेल्या बापटांना चाकाच्या खुर्चीवरून आणलेलं पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसाने पंचवीस वर्षं ही पेठ सांभाळली त्याला असं आणावं लागत असेल तर आम्हाला किती गृहीत धरलंय, एवढंच मनात आलं. २९ मार्चला तेही गेले.

आणि हिशेबच करायचा तर पुरा करा. २०१९ ला टिळकांना ७५ हजार, २०२३ ला रासनेंना ६२. घट १३ हजारांची. काँग्रेसची मतं मात्र ४७ हजारांवरून ७३ वर गेली, म्हणजे वाढ २६ हजारांची. घरी बसलेल्या माणसाने समोरच्याची मतं वाढत नाहीत.

आकडेमोड

ताई, तुम्ही बाहेर पडलात हे मानतो. पण त्या २६ हजारांचा हिशेब लागतो. २०१९ ला शिवसेनेचे बंडखोर विशाल धनवडे अपक्ष होते, त्यांना १४ हजारांच्या आसपास मतं होती. मनसेला ८ हजार. २०२३ ला मनसेने उमेदवार दिला नाही आणि ठाकऱ्यांची सेना आघाडीत होती. १४ आणि ८ मिळून २२ झाले. तुमच्यासारखे खरे बाजू बदललेले उरतात ते थोडे.

शनिवारातली

मनसेची सगळीच्या सगळी काँग्रेसला? वर पेठेतल्यांना तुम्ही नेमकं याच्या उलट सांगितलंत.

आकडेमोड

बरोबर पकडलंत. ती ८ हजार अर्धी-अर्धी धरा. तरी माझा मुद्दा फार हलत नाही.

सोमवारकर

दोन्ही बाजू वाचल्या. सगळी चर्चा सदाशिव, शनिवार, नारायणातच फिरतेय. कोण रुसलं, कोण बसलं, कोण परत आलं. लक्ष्मी रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे पूर्वेच्या पेठांतही माणसं राहतात आणि तीही मत देतात.

पहिली गोष्ट पेठेतल्यांना. १९७८ पासूनची यादी तुम्ही एकाच मतदारसंघाची असल्यासारखी मांडलीत. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत भवानी पेठ हा मतदारसंघ नकाशावरून गेला. २००९ पासूनचा कसबा हा वेगळाच, मोठा कसबा आहे. लेले आणि काळोखे ज्या कसब्यातून आले, त्यात आजच्या कसब्याचा बराच भाग नव्हता. नाव तेच राहिलं म्हणून इतिहास सलग होत नाही. बापटांचे पहिले तीन विजय जुन्या हद्दीतले, शेवटचे दोन नव्या. २००९ ला बापटांची दमछाक झाली त्यात मनसेचा वाटा होताच, पण नवी वस्ती त्यांना ओळखत नव्हती हेही होतं.

दुसरी गोष्ट. धंगेकरांना पडलेली मतं काँग्रेसची कधी होती? हा माणूस शिवसेनेत होता, मनसेत होता, मग काँग्रेसच्या वाटेने आला. २०१७ ला सगळ्या शहरात भाजपची लाट असताना त्याने भाजपच्या गणेश बिडकरांना पालिकेत हरवलं. रात्री अकराला फोन केला तर उचलायचा, दुचाकीवरून यायचा. आमच्या गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं तेव्हा चपला हातात घेऊन पाण्यात उभा राहिलेला मी स्वतः पाहिलाय. 'हू इज धंगेकर' असं प्रचारात विचारलं गेलं तेव्हा आमच्याकडे लोकांना हसू आलं नाही, राग आला. मार्च २०२५ मध्ये तो शिंदेंच्या शिवसेनेत गेला. आता त्या ७० हजारांवर कुठल्या पक्षाचा शिक्का मारायचा, सांगा.

पेठेतला

सोमवारकर, पुनर्रचनेचा मुद्दा माझ्याकडून सुटला, चूक कबूल. १९७८ पासूनची सलग रेघ ओढायला नको होती.

पण त्यामुळे 'बालेकिल्ला' आणखीच डळमळतो, हे बघा. नव्या हद्दीत पाच निवडणुका झाल्या. २००९ ला भाजप जेमतेम आठ हजारांनी, २०१४ आणि २०१९ ला दणदणीत, २०२३ ला पराभव, २०२४ ला पुन्हा विजय. पाचातल्या दोन वेळा जीव टांगणीला लागला. आणि तेव्हा खासदार असलेले बापट गेल्यावर पुणे लोकसभेची पोटनिवडणूक घेतलीच गेली नाही. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये घ्या म्हणून सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीत स्थगिती दिली आणि शहर वर्षभरावर खासदाराविना राहिलं. कसब्याच्या निकालाची धास्ती होती असं मी तरी मानतो.

आकडेमोड

तो अंदाज झाला, त्याला आकडा नाही. २०२४ च्या लोकसभेला धंगेकर भाजपच्या मुरलीधर मोहोळांकडून १ लाख २३ हजारांनी हरले, हा आकडा आहे.

वाडेकरू

मी तुमच्यातला अर्धाच. बुधवारातल्या वाड्यात वाढलो, आता धायरीला राहतो. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, २०१० च्या कायद्याने ते आणखी कडक झालं. आमचा वाडा त्यातच येतो. माडीची तुळई वाकली, जिना खालून टेकू देऊन उभा आहे. मालक बांधू शकत नाही, भाडेकरू राहू शकत नाही. एकेक बिऱ्हाड सिंहगड रस्ता, वारजे, कोथरूडला गेलं. नावं मात्र यादीत तिथेच.

आकडेमोड, तुमच्या टेबलावरच्या पानावर खुणा झाल्या नाहीत त्यातले काही लोक रुसलेले नव्हते हो. रविवारी सकाळी धायरीहून आईला रिक्षात घालून आणायचं तर तिचे गुडघे, गर्दी, सगळं बघावं लागतं. पोटनिवडणुकीला आम्ही नाही गेलो. विधानसभेला गेलो, कारण त्या दिवशी सुट्टी होती आणि भाऊही यायला तयार झाला. इतकं साधं होतं आमच्याकडे.

आकडेमोड

हे मी धरलंच नव्हतं. पण मग नाव धायरीला का नेत नाही? राहतो तिथेच नाव असावं असा नियम आहे. नमुना ८ भरला की होतं.

वाडेकरू

दोनदा भरला. आईने सही केली नाही. म्हणते, वाड्यातून सामान काढलं तेव्हा मी काही बोलले नाही, आता नाव तरी राहू दे.

शनिवारातली

तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

पेठेतला

आमच्या पत्त्यावर यादीत अकरा नावं आहेत, राहतो आम्ही तिघं. आजीला जाऊन सहा वर्षं झाली, तिचंही नाव आहे. ते काढायचा अर्ज या आठवड्यात देतो, कधीचा राहिलाय.

आकडेमोड, नमुना २० मध्ये बूथनिहाय मतं मिळतात. २०१९, २०२३ आणि २०२४ चे तिन्ही काढून बुधवार-शनिवारच्या आणि पूर्वेच्या पेठांच्या शाळा वेगवेगळ्या लावून बघू. सोमवारकर, तुमच्याकडचे बूथ तुम्हीच ओळखून द्या. रविवारी जमेल?

सोमवारकर

जमेल. दहानंतर.