प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष काम

चाळिशीत नोकरी गेलेल्याने एमएस-सीआयटी (राज्यातला संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम) करून काही उपयोग होतो का, या प्रश्नावर ‘नुसता कागद’ असा निकाल दिला जातो. तो मला अर्धाच मान्य आहे. शासकीय लिपिक-टंकलेखक पदासाठी एमएस-सीआयटीसारख्या संगणक अर्हतेबरोबरच मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र मागितले जाते. मात्र खुल्या प्रवर्गाला शासकीय सेवेची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३८ वर्षे असल्याने ती वाट अशा उमेदवारासाठी बहुधा बंदच असते.

खाजगी कार्यालयात प्रमाणपत्रापेक्षा हात किती बसला आहे हे पाहिले जाते, आणि तो एक्सेलवर बसलेला असावा लागतो. पगारपत्रकात बँक खाते क्रमांक नेहमीसारखा टाकला, तर सुरुवातीचे शून्य गळते आणि १५ अंकांनंतरचे अंक शून्य होऊन बसतात. नंतर रकान्याचे स्वरूप बदलले तरी गेलेले अंक परत येत नाहीत. तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा असतो, हे पुस्तकातल्या ठरावीक सरावात सहसा कळत नाही. (बहुपर्यायी प्रश्नांत तर नाहीच.)

म्हणून वर्ग निवडताना शुल्काआधी एवढेच विचारावे, की खऱ्या हजेरीपटावर, बिलांवर आणि पत्रव्यवहारावर सराव करून घेतात का. मराठी टंकलेखन शिकायचेच असेल, तर ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, शिकावे. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचताच येत नाही.