मॉन्टेरेला किनाऱ्यावरून डायव्हिंग, मे महिन्यात जमेल का?

घोडबंदरकर:
मंडळी, मे मध्ये ताईकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला चाललोय, तिथून मॉन्टेरे जवळच आहे म्हणे. ओपन वॉटर (डायव्हिंगचं पहिलं) सर्टिफिकेट आहे पण सगळं तारकर्ली नि अंदमानच्या कोमट पाण्यात आणि तेही बोटीवरून. किनाऱ्यावरून चालत पाण्यात कधी शिरलो नाहीये. दाजी म्हणतात दातावर दात वाजतात, ७ मिमीचा सूट पुरेल का?

ऐरोलीकर:
पुरेल, पण हूड, ग्लोव्हज, बूट सगळं पाहिजे, तिथे भाड्याने मिळतं. खोल गेलं की सूटचं निओप्रीन (फुगीर रबर) दबतं आणि ऊब कमी होते हे धरून चाल. खाली जायला वजनं पण जास्त लागतात, तारकर्लीचा आकडा सांगू नकोस, उथळ पाण्यात चेक करून घे. खरी अडचण मे ची आहे. तेव्हा वायव्येचा वारा जोरात असतो, तो वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो आणि खालचं थंडगार पाणी वर येतं, १० ते १२ अंश, त्यात पोषक द्रव्यं एवढी की उन्हात प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) नुसतं फोफावतं आणि पाणी हिरवं होतं, कधीकधी बडी (जोडीदार डायव्हर) हाताच्या अंतरावर असला तरी धूसर दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरला जाता आलं तर बघ.

वाशीकरीण:
अरे घाबरवतोस काय त्याला 😄 त्या हिरव्या पाण्यावरच तर सगळे जगतात तिथले. ब्रेकवॉटरला (लाटा अडवणारी भिंत) जा, सॅन कार्लोस बीचवरून, आडोसा आहे. तिथे मेट्रिडियम बघ, पांढरे ॲनिमोन (खडकाला चिकटून राहणारे प्राणी), फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, जवळ जाऊन टॉर्च मारला की बारीक बारीक झालर हलताना दिसते. न्यूडिब्रांक (रंगीत समुद्री गोगलगायी), रॉकफिश पण आहेत. भिंतीच्या टोकाला सी लायन पसरलेले असतात, वास आधी येतो मग ते दिसतात.

घोडबंदरकर:
आणि केल्पमध्ये, त्या उंच समुद्री शेवाळात, अडकायला होतं का?

ऐरोलीकर:
होतं, पण हिसडे मारायचे नाहीत, देठ दुमडला की कटकन मोडतो. वर येताना जाळीतून येण्यापेक्षा मोकळी जागा बघून ये, त्यासाठी हवा शिल्लक ठेव. केल्प पूर्वीइतकं राहिलं नाही म्हणा. २०१३ पासून समुद्रतारे रोगाने मेले, त्यातला मोठा सूर्यफूल तारा जांभळ्या अर्चिनना (काटेरी गोळ्यासारखे प्राणी) खायचा, तो गेला, मग समुद्र तापला, अर्चिन माजले आणि केल्प फस्त. काही ठिकाणी आता नुसते बोडके खडक.

वाशीकरीण:
शिरायचं कसं ते राहिलं. आधी किनाऱ्यावर निवांत बसून लाटा बघ, मोठ्या लाटा टोळीने येतात आणि मध्ये उसंत मिळते, तेव्हा शिर. मास्क डोळ्यावर, रेग्युलेटर (श्वास घ्यायचं साधन) तोंडात, पाय घासत चाल. बाहेर येताना लाटेने पाडलं तर उठायची घाई करू नकोस, सरळ रांगत ये, सगळे तसेच येतात. पॉइंट लोबोसला (जवळचं राखीव क्षेत्र) जायचं असेल तर आधी बुकिंग लागतं, विमानाचं तिकीट काढायच्या आधीच ते बघून ठेव.

घोडबंदरकर:
बुकिंग बघतो. ताईला रांगायचं सांगत नाही, मोबाईल काढून उभी राहील.