'विषाणू' आणि 'जिवाणू' : दोन्हींत अणू, मग मोठा कोण?

चौकस : दोन्ही शब्दांच्या शेपटीला 'अणू' आहे. मग दोघे एकाच मापाचे समजायचे का? आणि 'जंतू' नक्की कोण?

गाळणी : इथला 'अणू' म्हणजे नुसतं 'अगदी बारीक'. रसायनशास्त्रातला अणू नव्हे. पोलिओचा विषाणू जेमतेम ३० नॅनोमीटरचा, तरी त्यात लाखो अणू मावतात. आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू सुमारे २००० नॅनोमीटर, म्हणजे २ मायक्रोमीटर लांब. पोलिओचा विषाणू मोहरीएवढा धरा. मग करोनाचा वाटाण्याएवढा, देवीचा सुपारीएवढा आणि ई. कोलाय काकडीएवढा. त्याच हिशेबाने रक्तातली तांबडी पेशी म्हणजे हातभर रुंद परात!

'जंतू' मोघम आहे, दोघांनाही चालतो. 'फ्लूचे जंतू' ठीक, 'फ्लूचे जिवाणू' चूक.

काना-मात्रा : छापील मजकुरात खरा घोळ एककांचा असतो. १०० नॅनोमीटरऐवजी १०० मायक्रॉन छापलं की विषाणू थेट केसाच्या जाडीचा होतो. मायक्रॉन म्हणजेच मायक्रोमीटर. त्याचे नॅनोमीटर करताना हजाराने गुणायचं.

गाळणी : 'विष' कुठून आलं तेही मापाशीच जोडलेलं आहे. १८९२ मध्ये इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. तरी त्या रसाने निरोगी झाडं आजारी पडली. १८९८ मध्ये बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने त्या न अडणाऱ्या कारकाला 'व्हायरस' म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा एक अर्थ विष.

प्रयोगशाळेत आजही हेच अनुभवाला येतं. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीत बहुतेक जिवाणू अडतात, विषाणू मात्र बहुतेक सगळे पार होतात. म्हणून अशा द्रवाला 'निर्जंतुक' म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्यावरून 'विषाणुमुक्त' असं समजू नये. मायकोप्लाझ्मासारखे पेशीभोवती भिंत नसलेले, लवचीक जिवाणूही त्यातून निसटतात, त्यांच्यासाठी ०.१ मायक्रॉनची गाळणी लावतात.

चौकस : म्हणजे 'जिवाणूपेक्षा लहान तो विषाणू' अशी व्याख्या चालेल?

गाळणी : नको. पँडोराव्हायरस हा विषाणू १ मायक्रॉनच्या आसपास जातो, म्हणजे मायकोप्लाझ्माहून मोठा. उलट २०२२ मध्ये वर्णन झालेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जिवाणू सेंटिमीटरभर लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. (याला 'सूक्ष्मजीव' म्हणताना जीभ अडखळतेच.) व्याख्या करायची तर पेशीवरून करा: जिवाणू ही पूर्ण पेशी, स्वतःच दुभंगून वाढणारी. विषाणूला स्वतःची पेशी नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याची एकही प्रत निघत नाही.